गोड खात नाही, मग साखर कुठून आली?

दिवाळी होऊन गेली की या सदराकडे येणारी पत्रं कशाबद्दल असणार, हे आता मला पाकीट न फोडताही कळतं. फराळाचे डबे रिकामे होतात आणि लोक लॅबच्या पायऱ्या चढतात. या वेळी साखरेवरची चार पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

‘डॉक्टरबाई, माझं वय 44, उंची पाच फूट एक इंच, वजन 52 किलो. गोड मला मुळातच आवडत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा घेते. आमच्या घरात कुणालाच डायबेटिस नव्हता. सोसायटीच्या शिबिरात रक्त तपासलं तर उपाशीपोटी 131 आणि एचबीएवनसी 6.8 आलं. लॅबची चूक असेल का?’ – एक वाचक, कळवा

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मीही एकदा बोलले आहे, आणि तेही बऱ्याच चढ्या आवाजात. 2011 साल होतं. मी 49 वर्षांची, वजन 51 किलो, रोज पहाटे तलावपाळीला तीन फेऱ्या. नौपाड्यात माझा दवाखाना, दिवसभर लोकांना भात कमी करा म्हणून सांगणारी मी. सहज म्हणून रक्त दिलं तर उपाशीपोटी 134. लॅबमधल्या मुलाला मी इतकं झापलं की तो बिचारा दुसऱ्या दिवशी स्वतः घरी येऊन पुन्हा रक्त घेऊन गेला. तेव्हा 138 आलं. त्या मुलाची माफी मागायला मला आठवडा लागला.

तर लॅबची चूक असण्याची शक्यता कमी. उपाशीपोटी 126 आणि एचबीएवनसी 6.5 या निदानाच्या रेषा आहेत. तुमचे दोन वेगवेगळ्या तपासण्यांचे आकडे एकाच वेळी रेषेपलीकडे आहेत. त्यातला 6.8 हा गेल्या दोन-तीन महिन्यांचा गोळाबेरीज हिशोब. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर किती साखर चिकटली, ते तो सांगतो. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून तेवढं पाहून घ्या. उपाशीपोटीच्या 131 ला मात्र तीही सबब चालणार नाही.

आता ‘गोड खात नाही’ याबद्दल. संध्याकाळी सहाचा ठाणे स्टेशनचा फलाट डोळ्यांसमोर आणा. रक्त म्हणजे फलाट, साखर म्हणजे माणसं, आणि गाडी म्हणजे आपले स्नायू. एसी लोकल येऊन उभी राहते, दारं उघडतात, माणसं आत जातात, फलाट मोकळा होतो. दारं उघडायची कळ म्हणजे इन्सुलिन, स्वादुपिंडात तयार होणारं. डायबेटिसमध्ये एक तर कळ अपुरी पडते किंवा दारं अडकतात, बहुतेकदा दोन्ही थोडं थोडं. फलाटावर गर्दी दिसली की आपण म्हणतो, माणसं फार झाली. खरी भानगड दारांची असते. आणि माणसं काही पेढ्यातूनच येतात असं नाही. भात, पोळी, पोहे, बटाटा, सगळ्यांची शेवटी तीच साखर होते.

मग बारीक माणसाची दारं का अडकावीत? याचं उत्तर आपल्याच पुण्यात शोधलं गेलं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहिलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजायचा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! काटा दोघांना सारखंच सांगत होता, आतला ऐवज वेगळा होता. आपल्याकडची पुष्कळ बारीक माणसं अशी असतात. हातपाय काडीसारखे, स्नायू बेताचे, आणि चरबी पोटात, यकृताभोवती. म्हणजे पंधरा डब्यांची गाडी हवी तिथे नऊ डब्यांची आलेली, आणि तिचीही दारं जाम.

म्हणून वजनकाटा बाजूला ठेवा आणि शिंप्याची टेप आणा. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता मोजा. आपल्या बायकांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी 90. माझं 84 भरलं होतं. नऊवारीच्या घोळात आमच्या आजीचं किती असेल देव जाणे. तिच्या पायाची जखम दोन वर्षं भरली नव्हती आणि घरात सगळे म्हणायचे, वय झालं. ‘घरात कुणाला नव्हता’ हे वाक्य मी तेव्हापासून जपून ऐकते. बहुतेक घरांत कुणी तपासलेलंच नसतं. तुमच्या बाळंतपणात साखर वाढली होती का, हेही आठवून पाहा. तसं असेल तर पुढे डायबेटिस होण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

करायचं काय? चालणं चांगलं, पण तेवढ्याने डबे वाढत नाहीत. माझ्या तीन फेऱ्या होत्याच की! स्नायू वाढवायला वजन उचलावं लागतं, निदान खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून जोर. मी एकोणपन्नासाव्या वर्षी दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलायला सुरुवात केली तेव्हा घरचे हसले होते. ताटात आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि भात शेवटी, एक वाटी. कळव्याच्या माणसाला भात सोडा म्हणण्याइतकी मी दुष्ट नाही. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, रक्तदाब आणि पायांच्या संवेदना या तपासण्या आत्ताच करून घ्या, कारण साखर नेमकी कधी वाढली ते कुणालाच ठाऊक नसतं. गोळी लागेल की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मात्र वजन भराभर उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर वाट पाहू नका. तो टाइप 1 हा डायबेटिसचा वेगळा प्रकार असू शकतो आणि त्याला इन्सुलिनच लागतं.

‘साखरेऐवजी सेंद्रिय गूळ किंवा मध चालेल ना?’ – ऐरोली

नाही. फलाटावर माणूस कोणत्या जिन्याने उतरला याने गर्दीत फरक पडत नाही.

‘रात्री आठला दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि भाजी, त्यानंतर पाणीसुद्धा विचारून पितो. झोपताना मशीनवर 128, सकाळी उठल्यावर 158. रात्रभर तोंडात काही नाही, मग 30 आले कुठून? जेवण इतकं कमी आहे म्हणून मेटफॉर्मिनची रात्रीची गोळीही मी बंद केली आहे. वय 57.’ – कोपरखैरणे

काका, तुम्ही हिशेबी माणूस दिसता, पण या हिशोबात एक खातं राहून गेलंय, यकृताचं. रात्रभर आपण जेवत नाही तरी मेंदूला साखर लागतेच, म्हणून यकृत साठवणीतली साखर थोडी थोडी सोडत राहतं. पहाटे तीन-चारनंतर अंगाला जागं करणारी संप्रेरकं वाढतात आणि ते हात सैल सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला लगाम घालतं, डायबेटिसमध्ये तो लगाम ढिला असतो. तुम्ही झोपलेले असता आणि कल्याणच्या बाजूने माणसं येतच राहतात.

आणि तुम्ही बंद केलेली गोळी नेमकी यकृताला आवरण्याचंच काम मुख्यतः करत होती. जेवणाशी तिचा संबंध एवढाच, की जेवणाबरोबर घेतली तर पोट कमी बिघडतं. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, झालं ते सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने ती पुन्हा सुरू करा. रागावले तर रागावतील. मूत्रपिंडाची तपासणी बरेच दिवसांत झाली नसेल तर तीही होऊन जाईल, या गोळीचा डोस तिच्यावर ठरतो. अनेक वर्षं ती चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्वही तपासा.

मशीनबद्दलही थोडं. घरच्या ग्लुकोमीटरला 15 टक्क्यांपर्यंत मागेपुढे होण्याची मुभा असते. तुमचे 128 म्हणजे लॅबमध्ये 110 असू शकतात किंवा 145. त्यामुळे एका रात्रीवरून ठरवू नका, आठवडाभराचं टिपण ठेवा. दोनेक रात्री तीनचा गजर लावून एकदा मोजा, म्हणजे मध्ये साखर फार खाली जात नाही ना ते कळेल. बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुवा. माझ्या एका पेशंटना 260 दिसली होती. त्या हापूस कापून उठल्या होत्या.

रात्रीचं जेवण याहून कमी करू नका. त्यापेक्षा जेवून उठल्यावर पंधरा मिनिटं खाली सोसायटीत चाला.

‘आई 71 वर्षांची, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. कार्तिकीला निर्जळी नाही, पण दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि ती माझ्याशी कधी नव्हे ते वाकडं बोलली. आम्ही तिला पडून राहायला सांगितलं. मग साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर बरं वाटलं. रक्तदाब कमी झाला असेल का?’ – घणसोली

रक्तदाब असेलही, पण पहिला संशय साखर उतरल्याचा धरायचा. घाम, थरथर, आणि सज्जन माणसाचं अचानक वाकडं बोलणं. मेंदूला साखर कमी पडली की माणूस चिडतो, बरळतो, कधी दारू प्यायल्यासारखा वागतो. तुम्ही पडून राहायला सांगितलंत, त्या वेळात त्या बेशुद्ध होऊ शकल्या असत्या. तुम्हाला घाबरवायला नाही, पुढच्या खेपेसाठी सांगते.

मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्यांत इथे मोठा फरक आहे. मेटफॉर्मिन एकटी असेल तर ती सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला चाबूक मारते, तुम्ही जेवलात की नाही हे न विचारता. म्हणून ती गोळी आणि उपास यांचं जमत नाही. पुढच्या एकादशीच्या आधी डॉक्टरांना भेटून त्या दिवशीच्या गोळीचं ठरवून घ्या, आपल्या मनाने नको. झाला प्रकारही त्यांना सांगा. या वयात मुळात डोसच कमी करावा लागेल असं मला वाटतं. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे थट्टेने म्हणतात, पण साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. सकाळभर उतरलेली साखर खिचडीनंतर दुप्पट वेगाने वर जाते. राजगिऱ्याची भाकरी, दही, दाणे, एखादं फळ असं थोडं थोडं सकाळपासून पोटात गेलं तर पांडुरंगाची हरकत नसावी. माझ्या आईचीही हीच भांडणं होती. शेवटी कीर्तनकारबुवांनी सांगितलं तेव्हा तिने ऐकलं, माझी पदवी तिच्या उपयोगी पडली नाही.

पुन्हा तसं झालं तर आधी मशीनवर मोजा. 70 च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर लगेच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या आणि बरं वाटलं की जेवायला वाढा. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.

आईंच्या बटव्यात साखरेची एक पुडी आजच बांधून ठेवा. आणि बटवा कुठे असतो, ते शेजारच्या काकूंनाही दाखवून ठेवा.