वाचकांचे प्रश्न : रॅम भरलेली दिसते, पण त्यातली वापरात किती असते?

प्रश्न : आमच्या मार्केट यार्डातील काही अडत दुकानांचा हिशेब १६ जीबी रॅमच्या एका लिनक्स सर्व्हरवर चालतो. सोयाबीनची आवक वाढली की तो संथ होतो. ‘फ्री’ कमांड दिली तर मोकळी रॅम जवळजवळ नाहीच असे दिसते आणि विक्रेता आणखी रॅम घ्यायला सांगतो. भरलेल्या रॅमपैकी खरोखर किती हाताळली जाते, हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) विचारता येते का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : विचारता येते, आणि पैसे खर्च करण्याआधी ते विचारलेच पाहिजे. सर्वप्रथम ‘फ्री’च्या उत्तरातील ‘फ्री’ हा रकाना सोडून ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहा. रिकामी पडलेली रॅम लिनक्स वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवण्यासाठी वापरतो आणि गरज पडताच त्यातली बरीचशी जागा परत मोकळी करतो. त्यामुळे मोकळी रॅम कमी दिसणे हे सुस्थितीतल्या सर्व्हरचेही लक्षण असू शकते.

आता मुख्य मुद्दा. प्रोग्रॅम रॅममधून काही वाचतो तेव्हा ते काम प्रोसेसर परस्पर करतो, कर्नलला त्याची वर्दी जात नाही. प्रत्येक वाचनाला कर्नलने मध्ये पडायचे ठरवले, तर यंत्र जागच्या जागी थांबेल. मात्र प्रोसेसर जाता जाता एक खूण ठेवतो. रॅमचे सामान्यतः ४,०९६ बाइटांचे तुकडे, म्हणजे पेजेस, पाडलेले असतात आणि कोणते पेज कुठे आहे याची नोंद पेज टेबलात असते. त्या नोंदीत ‘ॲक्सेस्ड’ नावाचा एक बिट असतो. पेजला हात लागला की प्रोसेसर तो १ करतो. पुन्हा ० करणे हे कर्नलचे काम. रात्री उंबऱ्यावर राख पसरून सकाळी पावले उमटली आहेत का ते पाहावे, तशी ही पद्धत आहे : कर्नल बिट पुसतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि परत येऊन पाहतो. पेज त्या अवधीत हाताळले गेले एवढे त्याला कळते. किती वेळा, हे कळत नाही.

२०१५ मध्ये लिनक्स ४.३ मध्ये ‘आयडल पेज ट्रॅकिंग’ ही सोय आली, ती याच तत्त्वावर आणि प्रत्येक पेजसाठी एक बिट ठेवून. आपल्या १६ जीबीची पेजेस ४१,९४,३०४ होतात. ती सगळी दर काही सेकंदांनी तपासायची म्हटली तर तपासणीच सर्व्हरला जड होते. ही अडचण ‘डेमन’ या कर्नलमधील उपप्रणालीने सोडवली. ती २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ मध्ये दाखल झाली आणि ५.१६ पासून एखाद्या प्रोग्रॅमपुरतीच नव्हे, तर संपूर्ण फिजिकल मेमरीची, म्हणजे प्रत्यक्ष रॅमची, देखरेख तिला करता येऊ लागली. आपल्याला हाच प्रकार हवा आहे, कारण अनेक दुकानांच्या अनेक प्रक्रिया मिळून रॅमचे काय करतात हा आपला प्रश्न आहे.

आपला कर्नल ५.१६ किंवा त्यापुढचा असेल आणि त्यात ही सोय चालू केलेली असेल, तर ‘डॅमो’ या साधनाने आवक सर्वाधिक असतानाची तासाभराची नोंद घ्यावी. त्याच वेळी ‘व्हीएमस्टॅट’ या कमांडमधील स्वॅपचे (रॅम अपुरी पडल्यावर पेजेस ठेवायच्या डिस्कवरील जागेचे) दोन रकाने पाहत राहावे. रॅमचा मोठा भाग अनेक मिनिटे कोणी हाताळलेला नसेल आणि स्वॅपमध्ये ये-जा होत नसेल, तर संथपणाचे कारण रॅम नव्हे. डिस्क किंवा डेटाबेसच्या क्वेरी तपासाव्यात. बहुतेक रॅम सतत हाताळली जात असेल आणि स्वॅपही धावत असेल, तर विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी डेमन अभ्यासत आहे. सर्व पेजेस न तपासताही त्याचे उत्तर विश्वासार्ह कसे असते? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. डेमन मेमरीचे विभाग पाडतो आणि प्रत्येक विभागातील एकच पेज नमुना म्हणून तपासतो. मूळ मांडणीत दर ५ मिलिसेकंदांनी नमुना घेतला जातो आणि १०० मिलिसेकंदांनी बेरीज होते. म्हणजे एका विभागाला जास्तीत जास्त २० गुण मिळतात. शेजारच्या दोन विभागांचे गुण सारखे असतील तर ते जोडले जातात, आणि विभाग पुन्हा यादृच्छिकपणे फोडून आत काही वेगळे दडले आहे का ते पाहिले जाते. विभागांची संख्या किमान १० आणि कमाल १,००० ठेवलेली असते. त्यामुळे रॅम दुप्पट झाली तरी देखरेखीचा खर्च दुप्पट होत नाही, हे मला या रचनेचे सर्वांत मोठे यश वाटते.

परंतु ही सारी इमारत ‘शेजारची पेजेस सारखीच वापरली जातात’ या गृहीतकावर उभी आहे. एका प्रोग्रॅमच्या व्हर्च्युअल पत्त्यांमध्ये, म्हणजे त्याला स्वतःपुरत्या दिसणाऱ्या पत्त्यांमध्ये, ते बऱ्यापैकी खरे ठरते. फिजिकल, म्हणजे रॅममधल्या प्रत्यक्ष, पत्त्यांमध्ये मात्र शेजारची दोन पेजेस एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या प्रोग्रॅमची असू शकतात, म्हणून तिथे निष्कर्ष अधिक जपून काढावा लागतो. प्रकल्पात ही तुलना स्वतः मोजून दाखवलीत, तर तेच त्याचे सार ठरेल.

आणखी एक बारकावा. पेज टेबलातून अलीकडे शोधलेले पत्ते प्रोसेसर टीएलबी या आपल्या छोट्या साठ्यात ठेवतो. कर्नलने बिट पुसला, पण टीएलबीमधली नोंद तशीच राहिली, तर एक्स८६ प्रोसेसर पेज टेबलाकडे परत जात नाही आणि बिट ० च राहतो. अतिशय वापरातले पेज अशा वेळी थोड्या काळासाठी निष्क्रिय भासू शकते. ‘रीड’ सिस्टिम कॉलने वाचलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी आहे : ती पेजेस कोणत्याच प्रोग्रॅमच्या पेज टेबलात नसतील, तर डेमन आयडल खुणेवर (‘पेज हाताळलेले नाही’ असे सांगणाऱ्या बिटावर) विसंबतो आणि वाचन झाल्यावर कर्नल ती खूण काढतो. कर्नल स्वतःच्या कामासाठी वापरतो त्या स्लॅब मेमरीची आणि नेटवर्क कार्डासारख्या उपकरणांनी डीएमएद्वारे (प्रोसेसरला वगळून थेट रॅममध्ये) केलेल्या वाचन-लेखनाची नोंद मात्र या मार्गाने मिळत नाही; अहवालात ही मर्यादा स्पष्ट लिहावी.

प्रश्न : अशा देखरेखीतून आमच्या पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती कोणाला वाचता येईल का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : नाही. पेज हाताळले गेले की नाही एवढेच दिसते, आतला मजकूर दिसत नाही, आणि देखरेख सुरू करायला रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार लागतात. तरीही आपली शंका रास्त आहे, कारण फिजिकल पत्ता कळणे हेही धोक्याचे ठरू शकते. रॅममधील एकाच ओळीवर वारंवार आघात करून शेजारचे बिट उलटवणारा रोहॅमर हल्ला उघड झाल्यानंतर, २०१५ मध्ये, लिनक्सने प्रोग्रॅमचे पेज रॅममध्ये कुठे आहे हे सांगणाऱ्या ‘पेजमॅप’ फाइलीतील फिजिकल पेज क्रमांक सामान्य वापरकर्त्यांपासून लपवले. त्यांना तिथे आता शून्य दिसते.