विजयदुर्गचा खंदक दिसला नाही, आणि गोदी किल्ल्यापासून इतकी लांब का?

कोल्हापूरहून विजयदुर्गला जाऊन आलेल्या भावानं दोन गोष्टी विचारल्यात: खंदक कुठं आहे, आणि आरमाराची गोदी, म्हणजे जहाजं दुरुस्त करायची जागा, किल्ल्याला चिकटून का नाही.

खंदक पायाखालीच होता, राव. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, जमीन फक्त पूर्वेला. तिथं खंदक होता, म्हणून पूर्वी चारही बाजूंनी पाणी असायचं. पुढं तो बुजवून त्यावर रस्ता केला, आणि आज आपण सरळ चालत दाराशी पोचतो. आपली नजर पन्हाळ्याची. तिथं कडाच खंदकाचं काम करतो, म्हणून खणलेला खंदक पटकन ओळखू येत नाही. जमिनीकडून शिड्या लावायच्या, सुरुंग लावायचा किंवा तोफा जवळ आणायच्या, तर आधी ही खाच ओलांडावी लागे, तीही तटावरच्या माऱ्याखाली. त्या बाजूलाच तिहेरी तट आहे. गोमुखी दरवाजा वळसा घेऊन आत नेतो, म्हणजे दारावर सरळ तोफ डागता येत नाही आणि धडक मारायला धाव घ्यायला जागाही उरत नाही.

आता गोदी. ती वाघोटन खाडीत दोन-तीन किलोमीटर आत, गिर्ये गावाकडं, दक्षिण काठावर खडकात कोरलेली आहे. लांबी साधारण १०९ मीटर, रुंदी ७० मीटर. किल्ल्यापासून दूर ठेवण्याचं कारण पाणी. जहाजाचा तळ साफ करायला ते कोरडं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीबरोबर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की टेकू देऊन उभं करायचं. मग शेवाळ, कालवं खरवडायची, किड्यांनी पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, सांधी भरायच्या. उधाणाची वेळ हुकली, तर बाहेर काढायला पुढच्या उधाणापर्यंत थांबा. हे काम लाटांच्या तोंडावर होत नाही. खाडीत लाट नाही. शिवाय शत्रूला गोदीपर्यंत यायचं तर किल्ल्याच्या तोफांखालून यावं लागे. तेव्हा गोदीचा खरा तट म्हणजे खाडीचं तोंड.

पण याच रचनेची उणीव फेब्रुवारी १७५६ मध्ये दिसली. इंग्रज आरमाराच्या वॉटसनच्या ताफ्यानं समुद्राकडून मारा केला. किल्ला ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याजवळ एकमेकांना बांधून उभी होती; एकाला आग लागली आणि सगळा ताफा जळाला. इंग्रजांचा सेनानी क्लाइव्ह फौज घेऊन जमिनीकडून उतरला, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तट, खंदक शाबूत, पण ज्यांच्यासाठी ते बांधले ती जहाजंच उरली नव्हती. माझ्या मते गुराबं, म्हणजे आंग्र्यांची मोठी लढाऊ जहाजं, वेगवेगळ्या नांगरावर खाडीत आत ओढून ठेवली असती, तर आग तरी पसरली नसती.

पुन्हा गेलात तर गोदी ओहोटीलाच बघा. भरतीला कोरलेल्या कडा पाण्याखाली जातात. गगनबावड्यावरून तळेऱ्याकडं उतरताना करूळ घाट चालू आहे का, ते निघण्याआधी विचारून घ्या. बंद असेल तर भुईबावडा घाटानं उतरा.