स्टार्चची शीट का तडकली?

प्रश्न : माझ्या सातवीतल्या मुलीने उन्हाळी सुट्टीत कॉर्नफ्लोअर, ग्लिसरीन आणि पाणी शिजवून ताटात पातळ शीट वाळवली. आठवडाभर ती छान वाकत होती, तिसऱ्या आठवड्यात हातात घेताच तडकली. जुलैत ग्लिसरीन वाढवून दुसरी केली, तर ती चिकट झाली. बाजारातल्या 'मक्याच्या' पिशव्यांचं असं का होत नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलीचं काहीही चुकलेलं नाही. दोन्ही शीट जपून ठेवा.

कॉर्नफ्लोअर पाण्यात साधारण ६५-७० अंशांपर्यंत तापलं की त्याचे कण फुगून फुटतात. पांढरं मिश्रण एकदम खळीसारखं पारदर्शक होतं, तो क्षण तिने पाहिला असेल. सुट्या झालेल्या लांब साखळ्यांमध्ये ग्लिसरीन शिरतं, म्हणून शीट वाकते. पण पुढे त्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींना बिलगतात. रात्रीचा भात सकाळी कडक लागतो, तेच हे. त्यात मे महिन्यात शीटमधलं पाणीही उडालं. ग्लिसरीन वाढवलं की कडकपणा लांबतो, पण ते हवेतली ओल ओढून घेतं.

पिशवीत नुसता मका नसतो. कारखान्यात आधी जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे माल तापवत, घुसळत पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, स्टार्च आणि ग्लिसरीन उष्णतेने व घुसळणीने एकजीव करतात. मग त्यात बहुतेक वेळा पीबीएटी हे पॉलिएस्टर मिसळतात. ते मुख्यतः खनिज तेलापासूनच बनतं, तरी जंतू ते खाऊ शकतात. स्टार्चचे बारीक ठिपके त्यात चहूबाजूंनी गुरफटून बसतात. त्यांच्यापर्यंत पाणी सहज पोचत नाही, आणि भाजीचं ओझं पॉलिएस्टर पेलतं. दुकानात तिला नुसतं 'मक्याची' म्हणतात, ते मला खटकतं. गिऱ्हाइकाला पूर्ण माहिती मिळायला हवी.

तरी स्टार्चची तहान जात नाही. मी फिल्म प्लांटमध्ये, म्हणजे पिशव्यांचा पातळ पापुद्रा बनवणाऱ्या कारखान्यात होते तेव्हा एका जुलैत रात्रपाळीला या मिश्रणाच्या दाण्यांचं पोतं उघडं राहिलं. हे दाणे वितळवून डायमधून, म्हणजे गोल फटीच्या साच्यातून, हवा भरत फुग्यासारखी फिल्म वर ओढतात. सकाळी हा फुगा हातभर गेला की फाटायचा. फिल्म उजेडात धरली तर मसुराएवढी भोकं! दाण्यांनी प्यायलेल्या पाण्याची डायपाशी वाफ होत होती. सगळा माल ड्रायरमध्ये वाळवला, तेव्हा कुठे दुपारी फुगा उभा राहिला.

आता मुलीला एक काम सांगा. तिच्या शीटचा एक तुकडा आणि बाजारातल्या पिशवीचा एक, दोन्ही ओल्या कुंडीत वीतभर खाली पुरायचे आणि दर रविवारी उकरून वहीत लिहायचं. शीट आधी जाईल. पिशवी रेंगाळली म्हणून तिला लगेच खोटी ठरवू नका. कंपोस्टेबल पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ छापलेलं असतं. त्या मानकाची चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या खतात होते, आणि तुमची कुंडी तेवढी तापत नाही.