शिडाची छोटी बोट सहा महिने घरी ट्रेलरवर ठेवायची आहे. कव्हर कोणतं घ्यावं? आणि डेकवरच्या सगळ्या बोल्टांना कडेने सिलिकॉन फिरवून टाकावं का?

कव्हरचं नंतर बघू. आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय की बोट १७ फुटी, फायबरची, डेक सँडविच (फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड), डोलकाठी डेकवर उभी राहणारी, आणि एका अनुभवी माणसाने सिलिकॉनचा सल्ला दिला. आमच्या बोटीवर हाच सल्ला अमलात आला होता. बोट दोघांच्या भागीदारीतली. ट्यूब फिरवणारा मी नव्हतो, एवढं नोंदवून ठेवतो.

पहिलं लक्षण डेकवर दिसलंच नाही, ते तारांत दिसलं. दर खेपेला डोलकाठी उभी केली की बाजूच्या तारा आधीपेक्षा ढिल्या. तार ताणली गेली असं धरून बॉटलस्क्रू (तार ताणायचे स्क्रू) दोन-दोन फेरे आवळले जायचे. पण स्टीलची तार अशी महिन्या-महिन्याला लांबत नसते. काठी खाली जात होती. तिच्या बैठकीखालचा बाल्सा भिजून मऊ झाला होता आणि प्रत्येक फेऱ्यानिशी आपणच काठी त्यात दाबत होतो. शेवटी बैठकीच्या कडेला सरळ पट्टी लावून पाहिली तेव्हा प्लेट भोवतालच्या डेकपेक्षा ४ मिमी खाली होती. तुमच्याही तारा अशा ढिल्या होत असतील तर आवळू नका, आधी बैठक बघा.

पाणी शिरलं ते बोल्टाच्या भोकातून. प्लेटच्या कडेने सिलिकॉनचा सुबक गोल काढलेला होता. प्लेट भार घेते, हलते. तो गोल तीन बाजूंनी चिकटून राहिला आणि चौथ्या बाजूला केसभर सुटला. आत पाणी ओढलं जायला तेवढी फट पुरते, बाहेर यायला मात्र वाट नाही. गोल नसता तर प्लेटखालचं निदान थोडं पाणी उन्हात वाळलं तरी असतं. गळती थांबवायची तर सील प्लेटच्या खाली आणि बोल्टाच्या मानेभोवती हवं. कडेने फिरवलेलं सील गळती फक्त झाकतं.

किती कुजलंय ते ठोकून कळतं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने दोन-दोन सेंटिमीटरवर टकटक करत जा. चांगल्या जागी कडक, खणखणीत आवाज येतो. भिजलेल्या जागी भद्द. पेन्सिलने हद्द आखा. पायाला मऊ लागत होती ती जागा तळहाताएवढी, आखलेली हद्द निघाली ३५ बाय २८ सेंटिमीटर. मग हद्दीच्या आतबाहेर खालच्या बाजूने ४ मिमीची भोकं पाडून भुसा बघा, पण ड्रिल वरच्या थरापाशी थांबवा. भुसा पांढुरका आणि कोरडा असेल तर बाल्सा ठीक आहे. तपकिरी, चिकट, ड्रिलला गुंडाळून येणारा असेल तर तो गेला.

या टप्प्यावर कुणीतरी सांगेलच, की भोकं पाडा, हेअर ड्रायर लावा आणि इपॉक्सीची (हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या राळेची) इंजेक्शनं द्या. दोन थरांमध्ये कोंडलेला बाल्सा असा वाळत नाही आणि ओल्या बाल्सात इपॉक्सी शिरत नाही. भोकाभोवती चार गुठळ्या होतात, ठोकल्यावर आवाज सुधारतो, आणि तो आवाज ऐकून माणूस फसतो.

कापायला लागण्याआधी खालचा थर केबिनमधून फळी आणि टेकू देऊन मूळ आकारात धरून ठेवा, नाहीतर डेकचा बाक निघून जातो आणि नंतर तो परत आणता येत नाही. वरचा थर साधारण ३ मिमीचा असतो, म्हणून करवतीची खोली ४ मिमीवर बांधा आणि हद्दीच्या ४-५ सेंटिमीटर बाहेरून कापा. कोपरे गोल ठेवा. झाकण पटाशीने हळूहळू उचला, मोडू नका, तेच परत बसवायचंय. आमचं झाकण जवळजवळ आपोआप सुटलं. खाली बाल्सा कुठे होता? काळा, भिजलेल्या चहापूडीसारखा गाळ, चमच्याने निघाला. कडेला मात्र पटाशी अडली आणि पांढरं लाकूड दिसलं. तिथवर यायचं, आणि तिथून पुढे अजून दोन सेंटिमीटर.

खालचा थर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. त्याआधी जिथे जिथे सिलिकॉन लागलं होतं तिथलं ते पात्याने खरवडून, सिलिकॉन काढायच्या द्रावणाने आणि दर वेळी नव्या चिंधीने पुसून काढा. क्रम महत्त्वाचा. आधी घासलंत तर सिलिकॉन ओरखड्यांत भरलं जातं आणि त्यावर इपॉक्सी किंवा रंग लावला की माशाच्या डोळ्यासारखी गोल-गोल भोकं पडतात. एका ट्यूबच्या खुणा काढायला माझे दोन पूर्ण दिवस गेले. सिलिकॉनवर दुसरं सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही, म्हणजे ट्यूब फिरवणाऱ्याला पुढच्या वर्षी ट्यूब फिरवायचीही सोय राहत नाही!

काठीच्या बैठकीखाली परत बाल्सा घालू नका. साध्या डेकला तो उत्तम, पण बोल्ट आणि दाब जिथे येतो तिथे भरीव काहीतरी हवं. आम्ही बैठकीपुरत्या २० बाय २० सेंटिमीटरमध्ये काचकापडाचे थर चढवून १२ मिमी जाडी केली आणि उरलेल्या जागेत नवा बाल्सा बसवला. ही जाडी एका दमात करू नका. इपॉक्सी जाड थरात स्वतःच्याच उष्णतेने तापते, पिवळी पडते, तडकते. तीन वेळा ४-४ मिमी करा. कालवायचीही एका वेळी २०० मिलीच, आणि ती उभ्या डब्यात न ठेवता लगेच पसरट थाळीत ओता. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, थेंबभरही इकडेतिकडे नाही. जास्त हार्डनर घातला की लवकर सुकते हा पॉलिएस्टर राळ वापरणाऱ्यांचा समज आहे. इपॉक्सीत तसं केलं तर ती कायमची चिकट राहते.

बाल्साच्या ठोकळ्यांना आधी सर्व बाजूंनी पातळ इपॉक्सी पाजा. पिऊन झाली की खाली सिलिका पावडर घालून दाट केलेली इपॉक्सी, लोण्यासारखी, दातेरी पट्टीने पसरा आणि ठोकळे दाबून बसवा. फटींतून माल वर यायला हवा. आला नाही तर खाली पोकळी आहे. वर प्लास्टिक कागद आणि वाळूच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी जुनं झाकण तशाच दाट मालावर बसवा, आणि कापाच्या दोन्ही बाजूंना १२ला १ असा उतार घासा. ३ मिमी जाडीला ३६ मिमी उतार. हा उतार लहान केला की जोड नंतर रेघ होऊन दिसतो आणि मग तडा जातो. त्यावर ६०० ग्रॅमच्या काचकापडाच्या चार पट्ट्या, मग पुट्टी, मग रंग. घासण्याआधी सुकलेल्या इपॉक्सीवरचा मेणचट थर साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, नाहीतर तो पॉलिश पेपरात बसतो आणि वर रंग धरत नाही. रंग चुकवू नका, उन्हाने इपॉक्सी खडूसारखी भुरभुरते. हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क दोन्ही लागतात. काचेची धूळ चेष्टा नव्हे.

आता तुमच्या उरलेल्या बोल्टांचं. हे पुढच्या दोन सुट्ट्यांत करा, म्हणजे वरचं सगळं टळेल. ६ मिमीचा बोल्ट असेल तर भोक १२ मिमी करा, पण खालचा थर फोडू नका. खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये धरा आणि फिरवून भोकाभोवतीचा बाल्सा आणखी सेंटिमीटरभर कोरून काढा. जुन्या बोल्टाचं भोक खालच्या थरात असतंच, तिथे खालून टेप लावा आणि वरून दाट इपॉक्सी काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी त्यातून ६ मिमीचं भोक. म्हणजे बोल्ट इपॉक्सीच्या नळीत, बाल्सा बाहेर. भोकाच्या तोंडाला जरासा उतार द्या.

सीलसाठी ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. बोटांनी मळून तिचा छोटा शंकू बोल्टाच्या मानेभोवती गुंडाळा, प्लेटच्या तळाला पातळ थर द्या आणि बसवा. आवळताना डोकं पक्कं धरून फक्त खालचा नट फिरवा. बोल्ट फिरला की मानेभोवतीचं सील पिळून तुटतं. नटाखाली नुसता वायसर नको, ४-५ मिमीची, वरच्या प्लेटपेक्षा मोठी पट्टी द्या. कडेने टेप बाहेर आली की थांबा. दुसऱ्या दिवशी पाव फेरा, तिसऱ्या दिवशी पाव फेरा. ब्यूटिल कधी कडक होत नाही, म्हणून हे जमतं आणि म्हणूनच ती हलत्या प्लेटबरोबर हलते. जादा टेप प्लास्टिकच्या पात्याने कापून परत डबीत.

भागीदाराचं म्हणणं होतं की इतकी उस्तवार करण्यापेक्षा चांगलं कव्हर घेतलं की झालं. तुम्हीही तेच विचारताय. कव्हरने पाऊस अडतो, पण भोक उघडं ते उघडंच, आणि घट्ट कव्हराखाली कोंडलेली वाफ रात्री कव्हराच्या आतल्या बाजूला थेंब होऊन त्याच बोल्टांवर टपकते. कव्हर बोटीला अंगरख्यासारखं घट्ट नकोच, तंबूसारखं हवं. काठी आडवी करून तीन ठिकाणी टेकवा (दोनच टेकू दिले तर मधे बाक येतो), तिच्यावरून ताडपत्री टाका, डेकपासून निदान ३० सेंटिमीटर वर, आणि पुढची-मागची त्रिकोणी तोंडं वाऱ्याला उघडी ठेवा. उतार तीव्र असू द्या. एक चौरस मीटर खोलग्यात १० सेंटिमीटर पाणी साठलं की १०० किलो झाले. दोऱ्या हलच्या (बोटीच्या मुख्य धडाच्या) खालून ट्रेलरच्या सांगाड्याला. पाण्याच्या बाटल्या वजन म्हणून लोंबकळत सोडू नका, वाऱ्यात त्या रात्रभर हलवर आपटतात. कापड कुठलं? श्वास घेणारं पॉलिएस्टर कॅनव्हास चांगलं. पण साधी ताडपत्री नीट बांधलेली असेल तर ती महागड्या घट्ट कव्हराला भारी पडते. ती उन्हाने भुरभुरली की बदलावी लागेल, एवढंच.

ट्रेलरचा पुढचा जॅक वर घ्या म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर राहील आणि पाणी मागे वाहील. मागचं बूच काढा आणि ते सुकाणूच्या दांड्याला बांधून ठेवा. खालचं पाणी स्पंजने टिपा, कप्प्यांची झाकणं उघडी, गाद्या उभ्या किंवा घरात. मधलं खालीवर होणारं पातं लाकडावर टेकवून ठेवा, म्हणजे सहा महिने त्याचा भार तारेवर लटकत नाही. शिडं गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून सैल गुंडाळा. घडी घालणार असाल तर दर वेळी घडी वेगळ्या जागी. वॉशिंग मशीन नाही, ब्लीच नाही.

ट्रेलरचा सांगाडा ठोकळ्यांवर घेऊन चाकांवरचा भार उतरवा, टायरना ऊन लागू देऊ नका. चाकाचं गरम बेअरिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून ठेवण्याआधीच ते उघडा. गंजायला सहा महिने भरपूर आहेत. जुनं ग्रीस पूर्ण काढा, रोलर बघा, नवं पाण्याचं ग्रीस हाताने दाबून भरा. नट चाक फिरवत आवळा, मग सोडून बोटांनी लागेल तेवढाच घट्ट ठेवा आणि पिन नवी घाला. जुनी पिन सरळ करून परत वापरणारे लोक पाहिले आहेत, त्यांच्याशी वाद घालत नाही.

तारांवरून सुती चिंधी फिरवा, जिथे धागा अडकतो तिथे तंतू तुटलाय. विशेषतः दाबून बसवलेल्या टोकापाशी. एका बाजूची तार बदलली तर जोडीची दुसरीही बदला.

आता उरलेले अपवाद. पाण्याच्या पातळीखालच्या भोकांना ब्यूटिल चालत नाही, तिथे पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट. भार नसलेली, तळहाताहून लहान आणि खरोखर कोरडी झालेली पोकळी असेल तर इपॉक्सीचं इंजेक्शन चालून जातं. आणि केबिनच्या अ‍ॅक्रिलिक खिडक्यांना पॉलिसल्फाइड लावू नका, ते प्लास्टिक खातं; तिथे त्यासाठीचं खास सिलिकॉनच योग्य. आमच्या खिडक्या भागीदारानेच बसवल्या आहेत, आणि त्या गळत नाहीत हे मान्य. पण काठीच्या बैठकीला खिडकी नव्हती.