पुण्यातली म्युझियम्स बघायची असतील तर आईलाच गाईड बनवा

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता पण घाईत दोन ओळी लिहायच्या नव्हत्या म्हणून थांबले. तुम्ही लिहिलंय की अकोल्याहून आई-बाबा येतायत, मुलगी चौथीत आहे, शनिवारवाडा आणि सारसबाग झालंय, आता म्युझियम आणि चित्रांची गॅलरी दाखवायचीय पण मुलगी कंटाळते आणि आई म्हणते मला त्यातलं काय कळतंय, तुम्हीच जाऊन या. मी पंचवीस वर्षं पुण्यात आहे, मुलगी, सासूबाई, गावाकडचे पाहुणे, सगळ्यांना घेऊन फिरलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी राजा केळकर म्युझियम, आणि आईंना घेतल्याशिवाय जाऊच नका. शुक्रवार पेठेत, नातूबागेजवळ. मला हे आग्रहाने सांगायचंय कारण बहुतेक लोक आईला घरी ठेवून मुलांना नेतात आणि तिथेच चुकतं. तिथे जे आहे ते आपल्या आज्यांच्या हातातलं सामान आहे. किसण्या, विळ्या, शेवयांचे सोरे, पानाचे डबे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, समया, लामणदिवे, कुलपं. कपाटावर चिठ्ठी असते तिच्यात एका ओळीत नाव आणि साल, बास. ती वस्तू धरायची कशी, घासायची कशाने, घरात ठेवायची कुठे हे आईला माहीत असतं, चिठ्ठीला नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या शाळेने एकदा सहल नेली होती म्युझियमला (कुठल्या ते राहू दे), तिथे रांगेत चालवत अर्ध्या तासात सगळं दाखवून बाहेर काढलं, बोलायचं नाही, थांबायचं नाही. तेव्हापासून म्युझियम म्हटलं की ही तोंड वाकडं करायची. केळकरलाही तसंच, पहिल्या दालनात दहा मिनिटांत कधी जायचं सुरू झालं. मग सासूबाई एका कपाटापाशी थांबल्या ते हलेचनात. आत वज्र्या होत्या. म्हणजे पाय घासायच्या, तळ सगळा खरखरीत आणि वर धरायला मूठ, कुठे मोर, कुठे हत्ती. मुलीला वाटलं खेळणी आहेत. सासूबाई म्हणाल्या अगं खेळणी नव्हेत, पावसाळ्यात लावणीला दिवसभर चिखलात उभं राहिलं की टाचांना अशा भेगा पडायच्या की रात्री झोप यायची नाही, मग न्हाणीत बसून हिने घासायचं आणि वर कोकम तेल गरम करून भरायचं. आणि तिथेच चप्पल काढून टाच दाखवली तिला. मुलगी एकदा टाचेकडे बघतेय, एकदा कपाटाकडे. त्यानंतर प्रत्येक कपाटापाशी तिचा एकच प्रश्न, आजी हे तुझ्याकडे होतं का? आम्ही अडीच तास आत होतो आणि अर्धं म्युझियम राहिलं.

तुमच्या आईंकडे याच वस्तूंना वेगळे शब्द असतील. विळीला तिकडे पावशी म्हणतात ना बऱ्याच घरांत? ते मुलीला तिथेच वहीत लिहून घ्यायला सांगा, पुण्यात राहून ते शब्द तिच्या कानावर दुसरीकडे कुठे पडणार.

जायच्या आधी मुलीला राजाची गोष्ट सांगा. राजा म्हणजे राजेमहाराजे नव्हेत, दिनकर गंगाधर केळकरांचा मुलगा, तो लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे म्युझियम आहे. हे दिनकरराव म्हणजेच काका केळकर, ते कवी होते, अज्ञातवासी नावाने लिहायचे, घरचं चष्म्यांचं दुकान होतं. साधारण 1920 पासून गावोगाव फिरून, कुठे वाडा पाडतायत, कुठे भांडी मोडीत निघालीयत, तिथे जाऊन त्यांनी एकेक वस्तू जमवली आणि कमलाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, त्यात तेवढाच जीव ओतला. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच आहेत. शेवटी सगळा संग्रह शासनाला दिला. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे भाग आणून तिथे उभा केलेला मस्तानी महाल आहे तो बघाच, आणि मुलीला माशाच्या खवल्यांचं चिलखत शोधायला लावा. जिने आहेत बरं का, बाबांचे गुडघे दुखत असतील तर खालचे मजले निवांत बघा, सगळं बघितलंच पाहिजे असं काही नाही.

बाकीची थोडक्यात. कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम मुलीला हमखास आवडेल, छोट्या गाड्या, सिग्नल, फाटक सगळं चालू करून दाखवतात, बाबांनाही आवडेल. फक्त एकाच दिवशी केळकर आणि हे दोन्ही करू नका, मुलं दमतात आणि मग दुसऱ्याचा विचका होतो. क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संग्रहालय आहे, तिथे गर्दी नसते, वारली चित्रं आणि बोहाड्याचे (आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवातले) मुखवटे जवळून बघता येतात, मुखवट्यांपुढे मुलीला चित्र काढायला बसवा. आगाखान पॅलेस मात्र वेगळ्या मनाने बघायची जागा आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना तिथे कैदेत ठेवलं, आठवड्याच्या आतच 15 ऑगस्टला महादेवभाई गेले आणि 22 फेब्रुवारी 1944 ला बा गेल्या, दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. तिथे सकाळी जा, आईंना समाधीपाशी थोडं बसू द्या.

आता चित्रांच्या गॅलरीचं. आपल्याला काय कळतंय ही भीती मलाही पुष्कळ वर्षं होती, दारातून बघून परत यायचे. बालगंधर्वचं कलादालन किंवा घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, इथे प्रदर्शनं दोनतीन दिवसांची असतात आणि शनिवार-रविवारी काहीतरी लागलेलं असतंच, तिकीट नसतं. आणि मुख्य म्हणजे चित्रकार बहुतेक वेळा स्वतः तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. दोन दिवस तो लोकांचीच वाट बघत असतो हो. त्याला सरळ विचारा की हे कुठलं गाव, हा रंग कसा केला, किती दिवस लागले. किंमत विचारली म्हणजे घ्यावंच लागतं असंही नाही. माझ्या मुलीने एकदा एका काकांना विचारलं होतं की या नदीत पाण्याचा रंग का नाही, तर त्यांनी तिला जवळ नेऊन दाखवलं, नदी म्हणजे नुसता कोरा कागद सोडलेला, दोन्ही काठ रंगवले की मधलं आपोआप पाणी दिसतं. घरी आल्यावर ती आठवडाभर कोरे कागद सोडत होती. कला महाविद्यालयातल्या मुलांची प्रदर्शनं असली तर ती आवर्जून बघा, ती पोरं फार मनापासून सांगतात. निघताना अभिप्रायाच्या वहीत आईंना लिहायला सांगा, चार शब्द का होईना.

तुमचा शनिवार-रविवार असेल तर मी असं करेन: शनिवारी सकाळी उघडताना केळकर, जेवून घरी, झोप. रविवारी आगाखान सकाळी, संध्याकाळी बालगंधर्व. गाडी नेऊ नका, बाजीराव रोडला पार्किंगपायी निम्मा जीव जातो, मेट्रोने मंडईला उतरून चालत जाता येतं, नाहीतर रिक्षा करा. सुट्टीचे वार आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. आणि वही-पेन्सिल घ्यायला विसरू नका, आईंनी सांगितलेले शब्द इथे पण लिहा, मला हवेत.