नाव दिसतंय म्हणून धरू नकोस

पुणे

प्रिय,

तुझ्या सर्व्हरच्या कर्नल लॉगचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने लिहिलेल्या नोंदींचा, स्क्रीनशॉट पाहिला. ‘टास्क मायएसक्यूएलडी ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन 120 सेकंद्स’ आणि खाली कॉल ट्रेसची लांबलचक शेपटी. मायएसक्यूएलडी म्हणजे आपला डेटाबेस. तो रीस्टार्ट करायचा मोह आवरलास, बरं केलंस.

या ओळीत ज्याचं नाव येतं तो बहुतेक वेळा फक्त अडकलेला असतो. प्रोसेस ‘डी’ अवस्थेत, म्हणजे बहुधा डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत बसली आहे, एवढंच कर्नल सांगतोय. अशा प्रोसेसवर जबरदस्तीने बंद करणारं ‘किल -9’ सुद्धा लगेच चालत नाही. ही तपासणी दर 120 सेकंदांनी होते, त्यामुळे अडकल्यापासून ओळ छापली जाईपर्यंत दोन ते चार मिनिटं गेलेली असतात. कारण शोधायचं ते तेवढं मागे. तुझ्याच स्क्रीनशॉटमध्ये वर बघ: ‘एटीए3: हार्ड रीसेटिंग लिंक’, म्हणजे डिस्कशी जोडणी पुन्हा सुरू करावी लागली. बोंब डेटाबेसच्या नावाने, दुखणं डिस्कचं किंवा केबलचं.

ओओएम-किलरचंही, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाचंही, तसंच. त्याच्या ओळीत ‘इनव्होक्ड’च्या आधी ज्याचं नाव, त्याने फक्त नेमकी त्या क्षणी मेमरी मागितली. ती खाल्ली कुणी, हे खालच्या तक्त्यात आरएसएसच्या (प्रत्यक्ष वापरातल्या मेमरीच्या) रकान्यात दिसतं. तो आकडा पेजेसमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांमध्ये, असतो, केबीमध्ये नाही. इथे भलेभले फसतात.

वेळेचं म्हणशील तर ओळीच्या सुरुवातीचा कंसातला आकडा बूट झाल्यापासूनचे सेकंद. कर्नल लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसग -टी’ने (टी कॅपिटल) तारीख मिळते, पण सर्व्हर यूटीसीवर असेल तर पुण्यातल्या पहाटे अडीचच्या तक्रारीसाठी आदल्या दिवशीचे 21:00 बघावे लागतात. शिवाय कर्नलचा बफर गोल फिरतो, गोंगाट वाढला की नेमक्या पहिल्या ओळी पुसल्या जातात. मग सिस्टिमच्या जर्नलमधून तोच लॉग काढणारं ‘जर्नलसीटीएल -के’ वापर. ‘-बी -1’ जोडलंस की आधीच्या बूटचा लॉग मिळतो, मात्र जर्नल डिस्कवर साठवायची सोय आधीच केलेली हवी.

‘पर्फ: इंटरप्ट टुक टू लाँग’ दिसलं तर सहसा खुशाल सोडून दे.

आता आधी बॅकअप ताजा आहे ना ते बघ. मग त्या डिस्कवर तिची तब्येत सांगणारं ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालव. सीआरसी एररचा (वाटेत डेटा बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर केबल बदलून बघू. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे नीट वाचता न येणारे भाग, दिसले तर नवी डिस्क मागव. आउटपुट हिंजवडीतून निघायच्या आधीच पाठव, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर फोनवरून नको.

तुझा,
दादा