मित्राच्या गाडीत बसून जखमी झालात, तर दावा दोन्ही गाड्यांवर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राच्या कारमध्ये मागच्या सीटवर होता, समोरून आलेल्या टेम्पोशी धडक झाली आणि मांडीचं हाड मोडलं. आता टेम्पोची विमा कंपनी कारवाल्याची चूक म्हणते, तर कारची कंपनी टेम्पोवाल्याची. मित्राला कोर्टात ओढायचं जिवावर येतंय, म्हणून एकट्या टेम्पोवर दावा लावला तर चालेल का?

लावता येतो, पण तसं करू नका. दोन्ही गाड्यांचे चालक, मालक आणि विमा कंपन्या, सगळ्यांना सामनेवाले करा. मित्रालाही.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण भिडेपोटी लोक इथेच स्वतःचं नुकसान करून घेतात. स्टीअरिंग तुमच्या हातात नव्हतं, त्यामुळे चूक कोणाचीही ठरली तरी ती तुमची नाही. दोन्ही चालकांची मिळून चूक निघाली, तर जखमी माणूस पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो आणि आपसातली वाटणी त्यांची त्यांनी बघायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेनयेई प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण पुराव्यात सगळी चूक कारचीच निघाली आणि कारवाला तुमच्या अर्जात नसेलच, तर टेम्पोची कंपनी सुटते आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

मित्राला हे समजावून सांगा. त्याची पॉलिसी तुम्हाला लागू होत असेल आणि लायसन्स वैध असेल, तर पैसे कंपनी भरते. समन्स आलं की त्याने पॉलिसी, आरसी आणि लायसन्सच्या प्रती कंपनीला द्यायच्या. पुढचा वकील कंपनी देते. त्याचा नो क्लेम बोनसही तुमच्या दाव्यामुळे जात नाही, कारण तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याशी जोडलेला असतो.

मात्र त्याआधी पॉलिसीचं पहिलं पान बघा. पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल, तर खासगी कारमधल्या प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बालकृष्णन प्रकरणात हा फरक मांडला. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर फुकट बसवलेल्या प्रवाशासाठी कंपनी हात वर करते आणि बोजा खरोखरच मित्रावर येऊ शकतो. हे वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. पॉलिसीवर ‘पीए’ अशी छोटी रक्कम दिसली आणि एजंट म्हणाला की तुम्हाला एवढेच मिळणार, तर ऐकू नका. ते वैयक्तिक अपघात कवच आहे. मालकाच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा वेगळा.

आता कागद. एफआयआर आणि पंचनामा पोलिसांकडून मिळेलच. पण सगळ्यात आधी डिस्चार्ज कार्ड उघडा आणि दुखापत कशी झाली हे जिथे लिहिलेलं असतं ती ओळ वाचा. तिथे रस्ता अपघात लिहिलंय ना? मेडिको-लीगल नोंदीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या दुखापतीची हॉस्पिटल जी नोंद करतं तिचा, नंबर आहे ना? गडबडीत कोणीतरी ‘पडून मार’ असं सांगितलेलं असतं, तसंच लिहिलं जातं आणि उलटतपासणीत कंपनीचा वकील बोट ठेवतो ते नेमकं त्या दोन शब्दांवर. चूक असेल तर आत्ताच हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करा. औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, ॲम्ब्युलन्सचं भाडं, सगळं मूळ प्रतीत ठेवा. मेडिक्लेममधून बिल भागलं असलं तरी ते मागा. ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2025 मध्ये ठरवलं आहे.

रक्कम कशी ठरते? खर्च, बुडालेला पगार, वेदना हे आहेच, पण मोठा आकडा येतो कायमच्या अपंगत्वातून. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाप्रमाणे सर्टिफिकेटवरची टक्केवारी जशीच्या तशी धरत नाहीत. त्या दुखापतीने तुमच्या कामावर किती परिणाम झाला ते बघतात. पाय आखडला तर टेबलावर काम करणाऱ्याचं नुकसान वेगळं, गवंड्याचं वेगळं. समजा वय 34, महिन्याची कमाई 20,000 आणि कमाईची क्षमता 20 टक्क्यांनी घटली. वर्षाचे 2,40,000, या वयाचा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) 16, त्याचे 20 टक्के म्हणजे 7,68,000. भविष्यातली वाढ म्हणून 40 टक्के धरले की 10,75,200. म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष फार महत्त्वाची. ते आलेच नाहीत तर त्या कागदाला वजन राहत नाही.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली. अपघात जिथे झाला तिथेच जायला हवं असं नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. 1 एप्रिल 2022 पासून मुदत अपघातापासून 6 महिने आहे. उपचार संपायची वाट बघत बसू नका. अर्ज आधी टाका, नंतरची बिलं पुढे दाखल करता येतात.

चूक सिद्ध करायचीच नसेल तर कलम 164 खाली गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख मिळतात. तो मार्ग सोपा आहे, पण ते घेतले की 166 चा दावा संपतो. मांडीचं हाड मोडून काम थांबलेल्या माणसाने मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपनीचा माणूस ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेलं व्हाउचर घेऊन घरी आला, तर सही करू नका. प्लास्टर निघायच्या आत पायाचं पुढे काय होणार हे डॉक्टरांनाही ठाम सांगता येत नाही, मग तडजोडीचा आकडा कशावर ठरवणार? अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात आल्यावर लोकअदालतीत जरूर बसा, तिथे पैसे लवकर सुटतात. फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा वरच्यासारखा हिशोब स्वतः कागदावर करूनच आत जा.